नरकासुर कोणी रंगवला?

पहाटेचे तीन वाजत आले होते. फोंडा तालुक्यातल्या एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीवर, आम्ही तिघे परीक्षक एका हातात पॅड आणि दुसऱ्या हातात आग्रहाने दिलेला चहाचा कप घेऊन नरकासुरासमोर उभे होतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात जागणाऱ्याला नरकासुरांचं अप्रूप उरत नाही. झुपकेदार मिश्या, लोंबती जीभ, वटारलेले डोळे, हातात तलवार, आत बांबू आणि सुकं गवत, वर कागद. हा मात्र वेगळा होता. याचं पोट म्हणजे खाणीचा खंदक होता. पायऱ्या पायऱ्यांनी आत उतरलेला, तांबडा, तळाला हिरवं पाणी साचलेलं. त्या पायऱ्यांवरून काडेपेटीएवढे ट्रक रिकामे खाली जात होते आणि भरून वर येत होते. हातांच्या जागी पोकलेनचे पंजे. चेहरा एखाद्या दमलेल्या, झोप न झालेल्या माणसाचा. लहान मुलं त्याला भ्यायली नाहीत, मोठी माणसं मात्र जरा गप्प झाली.

माझ्या कागदावर रकाने होते: उंची, हालचाल, रोषणाई, कृष्णाचा पोशाख, शिस्त. कल्पना कोणाची आणि चेहरा कोणी रंगवला, हे लिहायला जागा नव्हती. मी मंडळाच्या अध्यक्षाला विचारलं. ‘आमच्या मंडळान केला, सर,’ तो म्हणाला. ते खोटंही नव्हतं. गवत भरायला वीस-बावीस जण होते, वायरिंग एकाने केलं होतं, चाकं दुसऱ्याने बसवली होती. पण असा चेहरा मंडळाच्या बैठकीत ठराव करून येत नाही. ज्याच्या डोक्यातून तो आला होता, तो जनरेटरच्या मागे रंगाच्या उपड्या बादलीवर बसून पाव खात होता. कोपरापर्यंत खळ वाळलेली. मी त्याला ओळखलं आणि, खरं सांगतो, दुसरीकडे पाहिलं.

त्याचं कारण आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. काही वर्षं मी एका दिवाळी अंकाचं संपादन करत होतो. अंक लहान, गोव्यापुरता. एके वर्षी विज्ञानकथा आली. मांडवीचं पाणी चढलंय, पणजीचा निम्मा भाग बुडालाय, अशी. चित्रासाठी सांग्याकडच्या या मुलाचं नाव कोणीतरी सुचवलं. त्याने कथा वाचून मला फोन केला, आणि फोनवर विचारलं काय, तर ही रात्र अष्टमीची की पुनवेची? मला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, पुनव असेल तर उधाण असणार, पाणी मानशीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या दाराच्या, वर जाईल. अष्टमी असेल तर भांग, म्हणजे कमी भरती, मग पाणी तेवढं चढणार नाही आणि चंद्र अर्धा काढावा लागेल. कथालेखकाने हा विचार केला नव्हता. मी तर नाहीच.

चित्र आलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, रुतून बसलेली कॅसिनोची बोट. खारफुटीची मुळं डेकमधून आरपार वर आलेली. जुगाराच्या टेबलावर खेकडा. मागे मानशीच्या दारावर बसून एक मुलगी गळ टाकून मासे पकडतेय. पुनव. मला ते फार आवडलं. पण मागच्या पानावरच्या जाहिरातदाराला बोट खटकेल असं कोणीतरी म्हणालं, आणि मी छापखान्यातल्या मुलाला सांगून छापताना चित्र कापलं. उरला चंद्र आणि डोलकाठीचा शेंडा. श्रेयनामावलीत अक्षरजुळणी होती, मुद्रितशोधन होतं, मुद्रक, वितरक, सगळे होते. तो नव्हता. मानधन सहाशे रुपये, तेही तुळशीच्या लग्नानंतर, आठवण करून दिल्यावर. अंक हातात पडल्यावर त्याचा फोन आला: ‘सर, म्हजें नांव खंय आसा?’ पुढच्या अंकात दुरुस्ती छापू म्हणालो. पुढच्या अंकात जागा नव्हती.

आता मुद्द्यावर येतो. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांची चित्रं काढणाऱ्या माणसाला मराठीत धड नावसुद्धा नाही. ‘कव्हर करणारा’, ‘आर्टिस्ट’, फार तर ‘सजावटकार’. मी इथे कल्पनाचित्रकार म्हणतो. शब्द जड आहे, पण चालवून घ्या. अशा माणसाचं करिअर आपल्याकडे का घडत नाही, यावर ठरलेलं उत्तर मिळतं: गोव्यात वाचक किती, पुस्तकं किती, हे परदेशी फॅड आहे, इथे कोण पैसे देणार. या उत्तरातला जवळजवळ प्रत्येक शब्द चुकीचा आहे असं मला वाटतं.

परदेशी फॅड म्हणणाऱ्याने काणकोणात लोलयेंला जाऊन बेताळासमोर उभं राहून पाहावं. अंगावर साप, हातात खड्ग, उघडाबोडका, पुरुषभर उंचीहून मोठा दगडी देव. ज्याने तो घडवला त्याच्या कल्पनेपुढे आजचे कॉम्प्युटर गेममधले राक्षस पोरकट वाटतात. देवळांच्या भिंतींवरची कावीची, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगातली, चित्रं पाहा, चतुर्थीच्या आधी चित्रशाळेत रांगेने वाळत ठेवलेली मातीची गणपतींची फौज पाहा. शिगम्याच्या मिरवणुकीत हलता शेषनाग, फणा उघडणारा कालिया आणि धूर सोडणारा राक्षस घेऊन येणारे चित्ररथ पाहा. अद्भुत गोष्ट डोळ्यांसमोर उभी करण्याची भूक या मातीत जुनी आहे आणि तिच्यावर पैसाही खर्च होतो. चित्ररथांच्या बक्षिसांना सरकारी पैसा आहे, नरकासुरांच्या स्पर्धांना नगरसेवक-आमदारांचा हात सैल असतो, कार्निव्हलच्या रथांना प्रायोजक मिळतात. पैसा नाही हे खरं नाही. तो चित्रकाराच्या दारावरून वाजतगाजत जातो, आत येत नाही, एवढंच.

म्हणून माझी मागणी लहानशी आहे. जिथे लोकांचा पैसा चित्रावर खर्च होतो, मग ती स्पर्धा असो, पाठ्यपुस्तक असो, खात्याचं पोस्टर असो की अनुदान घेणारा अंक असो, तिथे दोन अटी सक्तीच्या असाव्यात: चित्रकाराचं नाव, आणि एक पानी लेखी करार. दर ठरवून द्या असं मी म्हणत नाही, शिष्यवृत्त्या आणि भवनंही मागत नाही. नाव आणि कागद.

नाव छापून पोट भरतं का, असं विचारणारे भेटतात. भरतं. या धंद्याचा इतिहासच तसा आहे.

अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे निव्वळ विज्ञानकथांचं पहिलं मासिक एप्रिल १९२६मध्ये निघालं. त्याचं मुखपृष्ठ फ्रँक आर. पॉल यांचं. शिक्षण वास्तुरेखाटनाचं, त्यामुळे त्यांची यंत्रं आणि शहरं खणखणीत उभी राहत आणि माणसं काहीशी लाकडी. कागद हलका, छपाई भडक, प्रतिष्ठा शून्य. तरी पॉल यांचं नाव वाचकांच्या तोंडी होतं, कारण ते छापलं जात होतं. १९५३ साली विज्ञानकथेचे, वाचकांच्या मतांनी ठरणारे ह्यूगो पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा मुखपृष्ठाच्या चित्रकाराला आणि आतल्या चित्रांच्या चित्रकाराला वेगवेगळे पुरस्कार होते. म्हणजे वाचकांनी पहिल्याच वर्षी चित्रकाराला लेखकाच्या पंगतीत पाट मांडला. चित्रकार मायकेल व्हेलन यांना पुढे पंधरा ह्यूगो मिळाले. व्हेलन यांचं चित्र असेल तर पुस्तक उचलायचं, असे वाचक तयार झाले, आणि मग प्रकाशकाला त्यांच्याशी बोलताना आवाज खाली ठेवावा लागला. बाजारात नावाचा हा एवढाच उपयोग असतो, पण तो पुरेसा असतो.

चेस्ली बोनस्टेल यांची गोष्ट मला विशेष आवडते, कारण ती उशिरा सुरू होते. जन्म १८८८चा. आयुष्याचा मोठा भाग वास्तुविशारदांकडे इमारतींची चित्रं काढण्यात गेला, न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगच्या कामातही त्यांचा हात होता. मग हॉलिवूडमध्ये सिनेमांसाठी काचेवर पार्श्वभूमी रंगवली. १९४४मध्ये, वयाची पन्नाशी कधीच उलटलेली असताना, ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यांची शनीची चित्रं आली. शनीच्या वेगवेगळ्या चंद्रांवर उभं राहिलं तर शनी केवढा दिसेल, कुठल्या कोनातून दिसेल, कडी कशी दिसतील, हे त्यांनी हिशोबाने मांडलं होतं. टायटन या चंद्रावरून दिसणाऱ्या शनीचं त्यांचं चित्र सगळ्यांत गाजलं, आणि ते चुकीचं निघालं. टायटनच्या दाट धुक्यातून शनी तसा दिसणारच नाही. पण त्या काळातल्या माहितीवर हिशोब चोख होता. आपल्या सांग्याच्या मुलाचा अष्टमी-पुनवेचा प्रश्न मला पुढे बोनस्टेल वाचताना आठवला. जात एकच. फरक हा की बोनस्टेल यांच्या नावाने आज विज्ञानकथा-चित्रकारांचा पुरस्कार आहे आणि मंगळावर एक विवर आहे. आमच्या मुलाच्या चित्राचा चंद्र तेवढा उरला, तोही माझ्या कृपेने.

आणि फ्रँक फ्रॅझेटा. तलवारी, बर्फ, स्नायू, वाघ, अशी चित्रं काढणारे. त्यांच्या पिढीत प्रकाशक छापून झाल्यावर मूळ चित्र ठेवून घेत, कधी वाटून टाकत, कधी फेकून देत. फ्रॅझेटा मूळ चित्र परत मागत. लोकांना हा हेकटपणा वाटे. १९६९ साली एका स्वस्त भयकथा-मासिकाच्या मुखपृष्ठासाठी केलेलं त्यांचं एक चित्र कुटुंबाकडेच राहिलं. २०१९मध्ये लिलावात ते ५४ लाख डॉलरना गेलं. मासिकाने दिलेलं मानधन कोणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही.

हे सगळं तिकडचं झालं. आपल्याकडे काय होतं? होतं, आणि तेही गोव्याच्या माणसांनी केलेलं. दीनानाथ दलाल मडगावचे, जन्म १९१६चा. मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर कोपऱ्यात ‘दलाल’ अशी सही दिसली की गिऱ्हाईक थांबे. रघुवीर मुळगावकरही याच मातीतले. त्यांच्या सहीवर तर कॅलेंडरं खपली. दोघांचं नाव चित्राइतकंच ठळक असे. आणि दलालांनी आणखी एक शहाणपण केलं: १९४५मध्ये स्वतःचं ‘दीपावली’ वार्षिक काढलं. चित्रकार स्वतःच प्रकाशक झाला की चित्र कापायला कोणी संपादक मध्ये येत नाही. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं पाहा. लोटलीच्या या माणसाच्या रेषा आज गोव्यात टाइलवर, मगवर, टी-शर्टवर विकल्या जातात, आणि घेणारा ‘मारिओ’ मागतो, ‘गोव्याचं चित्र’ मागत नाही.

याच्या उलट उदाहरण ‘चांदोबा’चं. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, पुढे वाकून चालणारा विक्रम आणि प्रेतात बसलेला वेताळ: हे चित्र मराठी माणसाच्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांत कोरलेलं आहे. ते काढणारे के. सी. शिवशंकरन, ‘शंकर’ म्हणून सही करणारे, २०२० साली चेन्नईत वारले. त्या दिवशी मी चार वाचकमित्रांना बातमी सांगितली. चौघांनी विचारलं, ‘कोण?’ चित्र सांगितल्यावर चौघेही हळहळले.

नावाचं मोल मराठी विज्ञानकथेला कळत नाही असं नाही. जयंत नारळीकरांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपल्या प्रसिद्धीचं दडपण परीक्षकांवर पडू नये म्हणून. ज्याला नाव आहे तो ते झाकून ठेवू शकतो. आपल्या चित्रकाराचं नाव त्याला न विचारता झाकलं जातं.

आता कागदाकडे. हा भाग रटाळ आहे, पण खरी मेख इथेच आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात निर्मिती करणारा हाच पहिला मालक, असं कलम १७ सांगतं आणि लगेच अपवाद सांगायला लागतं. मोबदला देऊन, कोणाच्या सांगण्यावरून केलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल आणि उलट करार नसेल, तर मालक काम सांगणारा. सरकारसाठी केलेलं काम, उलट करार नसेल, तर सरकारचं. म्हणजे करार नसणं ही चित्रकाराच्या दृष्टीने तटस्थ स्थिती नाही. कागद नसेल तर तो आधीच हरलेला असतो. गंमत अशी की त्या अपवादात ‘पेंटिंग’ आहे, ‘ड्रॉइंग’ नाही. तेव्हा शाईने काढलेलं चित्र चित्रकाराचं आणि त्यातच रंग भरला की संपादकाचं, असा युक्तिवाद एखादा वकील सरळ चेहऱ्याने करू शकतो. टॅबलेटवर काढलेलं यातलं काय, यावर त्याची फी वेगळी.

त्याच कायद्यात चित्रकाराच्या बाजूनेही बरंच आहे, फक्त ते कोणी वाचलेलं नसतं. हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच (कलम १९). मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. आणि कलम ५७: हक्क विकून टाकले तरी ‘हे माझं आहे’ म्हणण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. मी ती बोट कापली, तेव्हा हे कलम मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. कला शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात मुलाला रंगसंगती, शरीररचना, छायाप्रकाश सगळं शिकायला मिळतं. एक पान करार लिहायला शिकवणं हा अभ्यासक्रमाचा भाग का नसावा, हे मला कळत नाही. पणजीच्या आल्तिनोवर १९७२ साली सुरू झालेलं गोव्याचं कला महाविद्यालय आहे, तिथून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. त्यातल्या किती जणांनी कलम १७ पाहिलं असेल?

इथे माझे चित्रकार मित्र हसतात. ‘करार मागितला की पुढचं काम गेलं,’ ते म्हणतात. बरोबर आहे. गोवा एवढा लहान की एका संपादकाला नाराज केलं तर चौघांना कळतं. एकट्याने मागितलं तर तो आगाऊ ठरतो. म्हणूनच मी हे चित्रकाराच्या हिमतीवर सोडायला तयार नाही. अनुदानाच्या अर्जात रकाना असला की मागावं लागत नाही, भरावा लागतो. आणि संपादक म्हणून अनुभवाने सांगतो, आम्ही रकान्यांना फार घाबरतो.

दिवाळी अंकांना हे परवडणार नाही, हा आक्षेप मी स्वतः अनेकदा घेतलेला आहे. कागद, छपाई, कुरियर, आणि उरलं तर चित्रकार. पण नाव छापायला शाईचे दोन थेंब लागतात. करार एका कागदावर होतो. परवडत नाही असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा सुचलेलं नसतं.

त्याहून अवघड आक्षेप वाड्यावरच्या पोरांचा आहे, आणि तो मला रात्रभर पुरला. नरकासुर वाड्याचा असतो. त्यावर एकाचं नाव लावलंत तर गवत भरणाऱ्यांचं काय? बेताळ घडवणाऱ्याने सही केली होती का? कावीच्या भिंतींवर कोणाचं नाव आहे? सामूहिक कलेत नाव घुसवणं म्हणजे गावाच्या पंगतीत बिल फाडणं.

याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. जुना कारागीर निनावी होता, पण तो उपाशी राहू नये अशी सोय गावाने केलेली असे. देवळाची सेवा करणाऱ्यांना गावकरीकडून, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेकडून, नमशीच्या (सेवेबदली दिलेल्या) जमिनी होत्या, सणासुदीचा वाटा ठरलेला होता. काही गावांत बेताळाला वहाणा वाहतात. रात्रभर गावाची राखण करून त्याच्या झिजतात म्हणून. ज्याचं झिजतं त्याला भरून द्यायचं, हा त्यामागचा हिशोब असावा. त्या व्यवस्थेत बरंच वाईटही होतं, तिचे गोडवे मी गाणार नाही. कोणाच्या मुलाने काय करायचं हे तिथे जन्माआधी ठरत असे. पण आज आपण तिच्यातला निनावीपणा तेवढा जपून ठेवला आणि वाटा काढून घेतला. आणि वाड्याचा नरकासुर म्हणायचं, तर बक्षिसाच्या चेकवर आणि वर्तमानपत्रातल्या फोटोत वाडा कुठे असतो? तिथे अध्यक्ष असतो आणि प्रायोजक असतो. दोघांचीही नावं असतात, पूर्ण, आडनावासकट. मग गवत भरणाऱ्या बावीस जणांचीही लिहा. जागा पुष्कळ आहे, नरकासुर चांगला वीस फूट आहे.

उरला यंत्राचा प्रश्न. आता चित्रकार लागतोच कशाला, चार शब्द टाईप केले की चित्र तयार, असं मला गेल्या दोन वर्षांत इतक्या लोकांनी सांगितलं की मीही करून पाहिलं. ‘गोव्यातल्या खाजन शेतात मानशीवर उभा राक्षस’ असं लिहिलं. राक्षस आला. मानशीच्या जागी एक साधू डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या डोक्यातून प्रकाश बाहेर पडत होता. ‘मानस’ म्हणजे मन, असा अर्थ यंत्राने लावला होता. पाणी अडवायचं दार त्याच्या गावी नव्हतं. मी पोट धरून हसलो. पण या हसण्यावर युक्तिवाद उभा करणं धोक्याचं आहे. उद्या कोणीतरी त्याला मानशीचे हजार फोटो दाखवील आणि ते शिकेल.

खरी भीती दुसरीकडे आहे. ग्रेग रुत्कोव्स्की हे पोलंडचे चित्रकार, ड्रॅगन आणि युद्धाच्या चित्रांसाठी प्रसिद्ध, मोठमोठ्या गेमसाठी काम केलेले. २०२२मध्ये चित्रं बनवणारी यंत्रं लोकांच्या हाती आली आणि असं दिसलं की लोक हव्या त्या चित्राच्या मागणीत त्यांचं नाव लिहितायत. पिकासोपेक्षा कित्येक पटींनी जास्त वेळा. त्यांच्या नावाचा मसाला झाला, कशावरही भुरभुरायचा. इंटरनेटवर त्यांचं नाव शोधलं की त्यांनी न काढलेली चित्रं येऊ लागली. म्हणजे जगात दोन तऱ्हेचे कल्पनाचित्रकार झाले: काम आहे पण नाव नाही असा एक, आणि नाव सगळीकडे आहे पण काम त्याचं नाही असा दुसरा. दोघांनाही वाचवू शकेल असं हाताशी काय आहे? कोणतं चित्र कोणी, कधी, कोणासाठी काढलं आणि त्याचं पुढे काय करायला परवानगी आहे, याची लेखी नोंद. पुन्हा तेच, नाव आणि कागद. अमेरिकेतल्या न्यायालयाने २०२३मध्ये आणि अपिलात २०२५मध्ये सांगितलं की माणूस कर्ता नसलेल्या चित्राला तिथे कॉपीराइट नाही. मोठ्या स्टुडिओंना या वाक्याने घाम फुटतो, कारण ज्याची मालकी नाही ते विकायचं कसं? तेव्हा हाताने काढणाऱ्याचे कच्चे आराखडे, पेन्सिलची पानं, खोडरबराचे डाग, हे सगळं पुरावा म्हणून मोलाचं होणार आहे. ते जपून ठेव, असं मी हल्ली भेटेल त्या पोराला सांगतो.

गोवा लहान आहे, पण या धंद्याची बाजारपेठ गोवा कधीच नव्हती. दलाल आणि मुळगावकर मुंबईला गेले, मारिओंनाही जावं लागलं. आजचा मुलगा सांग्यात बसून फाईल पाठवू शकतो. त्यासाठी त्याला दाखवायला नाव लागलेलं, छापलेलं काम लागतं. बाहेरचे गेम स्टुडिओ बऱ्याचदा गुप्ततेच्या करारावर सही घेतात आणि वर्षानुवर्षं काम दाखवू देत नाहीत. म्हणजे तिथे पैसा आहे आणि नाव नाही. ज्याच्याकडे घरच्या कामावर नाव आहे तोच हे दिवस काढू शकतो. घरचं काम म्हणजे आपण: अंक, पाठ्यपुस्तकं, चित्ररथ आणि नरकासुर.

त्या रात्री खाणीच्या पोटाच्या नरकासुराला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं सर्वांत उंच असलेल्याला गेलं; रकानाच तसा होता. मी परत गेलो तेव्हा तो मुलगा जागेवरून उठला होता. काय बोलावं ते मला सुचेना. ‘चेहरा फार चांगला जमलाय,’ म्हणालो. त्याने पाव संपवला, हात पँटला पुसले आणि विचारलं, ‘सर, ती बोट तुमच्याकडे आहे का अजून? मूळ चित्र?’ मी घरी जाऊन शोधलं. होतं. अंकाच्या गठ्ठ्याखाली, एका कोपऱ्याला वाळवी लागलेलं, पण खेकडा शाबूत.

यंदा त्याच वाड्यावर मी परीक्षक म्हणून गेलो नाही, पाटी लिहायला गेलो. बावीस नावं लिहायची ठरली होती. वर कोणाचं, यावर तासभर भांडण झालं. वायरिंगवाल्याला आपलं नाव चेहरा रंगवणाऱ्याच्या बरोबरीने हवं होतं आणि त्याचा मुद्दा चूक नव्हता. शेवटी कामाप्रमाणे लिहिलं: कल्पना व चेहरा, सांगाडा, यंत्र, वीज, गवत. अध्यक्षाचं नाव ‘गवत’मध्ये आलं, कारण या वर्षी त्याने खरंच भरलं होतं. पहाटे नरकासुराला आग लावायची वेळ झाली तेव्हा पाटी त्याच्या पाठीवर होती. कोणीतरी ओरडलं, आणि ‘वीज’वाला पोरगा धावत जाऊन तारेने बांधलेली पाटी ओरबाडून घेऊन आला. मग सगळे अंघोळीला आणि पायाखाली कारीट फोडायला आपापल्या घरी गेले. पाटी आता क्लबात कॅरम बोर्डाच्या मागे उभी आहे, एक कडा जराशी करपलेली.